एकनळी

सासऱ्यांच्या मागं त्यांची एकनळी माझ्या नावावर झाली
तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा होतो,
गंगावेशीत घड्याळं दुरुस्त करत होतो
आणि जन्मात झुरळाशिवाय काही मारलं नव्हतं.

परवान्यावर शिक्का मारता मारता कारकून म्हणाला,
"घड्याळजी, तुमी? वाघबिघ मारायला?"
मी म्हणालो, लावा.
तो हसला. मूठभर पाखरू,
पायाखाली आलं तरी दिसत नाही.

मख्तुमभाईंचा बाप दरबारचे चित्ते सांभाळायचा.
संस्थान गेलं, चित्ते त्याच्या आधीच गेले,
उरली चित्त्याच्या डोळ्यांवर चढवायची चामडी टोपी.
मख्तुमभाई तीत आता तपकिरीची डबी ठेवतात.
दोन रुपये आणि दुरुस्त केलेलं गजराचं घड्याळ,
एवढ्यावर ते मला शिकवायला तयार झाले.

पहिले चार रविवार बंदूक घरीच.
गिरोलीच्या माळावर नुसतं चालायचं,
कुसळं पायमोज्यात घेऊन.
"हितं बघा. लेंडी. दाबा."
दाबली. कोरडा भुगा झाला.
"ससा. परवाचा. ह्याच्या मागं जाऊ नगा,
त्यो आता दुसऱ्या गावचा मतदार झालाय."
वारा बघायला त्यांनी बिडीची राख उडवली.
ती माझ्याच डोळ्यांत आली.
"कळलं न्हवं? मग हिकडनं जायचं न्हाई."

पाचव्या रविवारी खापरावर नेम.
बंदुकीनं अशी लाथ घातली
की मी गवतात बसलो
आणि खापर होतं तिथंच, धड.
"दस्ता खांद्याला घट्ट लावा.
लाजून लांब धरलं की जास्त मारती."

रात्री शेवंतानं एरंडेल कोमट करून चोळलं.
निळा डाग बघत म्हणाली,
"बाबांच्या खांद्यावर असलं काही कधी दिसलं नाही.
पण उजवा कान गेला होता त्यांचा.
मी हाक मारायची ती डाव्या अंगानं."

मग मार्गशीर्ष.
शाळूच्या कडेला दंव इतकं
की धोतर गुडघ्यापर्यंत जड.
पहिला लावा उडाला, मी नुसता दचकलो.
दुसरा उडाला, घोडा चढवायचा राहिला.
तिसऱ्याला बार केला, तो लागला ढगाला.
मख्तुमभाई बांधावर बसून तपकीर ओढत होते,
जणू माळावर आम्ही कुणाची वाट बघायलाच आलोय.

चौथा पडला.

कुठं पडला ते बघताना मला वेळ लागला,
गवताच्या रंगाचं ते, गवतातच.
उचललं. ऊन होतं.
वजन म्हणाल तर साखळीसकट खिशातलं घड्याळ.
आणि मी, हाताच्या सवयीनं,
ते कानाला लावलं.

चालू होतं.

मख्तुमभाईंनी ते माझ्या हातातनं घेतलं,
ओठातल्या ओठात नाव घेतलं, सुरी फिरवली.
"असं ऐकत बसायचं न्हाई," म्हणाले,
"पटकन सोडवायचं."
सगळ्या शिकवणीत
हे एकच त्यांनी दोनदा सांगितलं.

तांबड्या रश्श्यात ते सापडेना.
माणशी अर्धा घास.
दाढेखाली कचकन काही आलं, काढलं, धुतलं:
मोहरीएवढा छर्रा.
दुकानात नेला आणि बारक्या स्क्रूंच्या डबीत टाकला,
तिथं तो कुठल्याच आट्यात बसत नाही,
चिमट्याला मात्र रोज सापडतो.

तो आठवडाभर एकही घड्याळ मी कानाला लावलं नाही.
झाकण उघडून डोळ्यांनीच बघायचो.
गिऱ्हाइकं म्हणाली, घड्याळजी, ऐकायला कमी येतंय काय?

शनिवारी दिवे लागायच्या वेळी मख्तुमभाई आले.
गजराचं घड्याळ टेबलावर ठेवलं,
टोपीतनं डबी काढली, चिमूट ओढली.
"बंद पडलंय का?" मी विचारलं.
"न्हाई. चारचा लावा."

मी चावी दिली.
काटा चारवर आणला.